बघ्या

ग्युम्रीत हातानं काही घडवणाऱ्याला वारपेत म्हणतात.
सुतार वारपेत, न्हावी वारपेत,
काळा दगड तासणारा तर आहेच.
ह्राचिकला आम्ही तसं म्हटलं की तो चिडायचा:
"मी काय घडवलं? मी नुसता बघ्या."

मोज्यांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा.
कॅमेरा आला दोन पोती बटाट्यांच्या बदल्यात,
सोबत एक रशियन पुस्तिका,
पहिली अकरा पानं गायब.
"म्हणून सुरुवात कशी करतात
ते मला आजवर कळलेलं नाही,"
असं म्हणत तो कुठल्याही गोष्टीत
बाराव्या पानावरून शिरायचा.

न्हाणीघर हीच डार्करूम. खिडकीला घोंगडी.
अर्पेनिकच्या बरण्यांत डेव्हलपर,
आणि एकदा अंधारात
कोबीच्या लोणच्यात बुडवलेली अख्खी फिल्म.
काहीच उमटलं नाही.
अर्पेनिकनं ती बरणी आठ दिवस
त्याच्या ताटासमोर ठेवली, बोलली मात्र नाही.

मग तो डिसेंबर.
जमीन हलली, एवढंच तो म्हणे, आणि चहा ढवळत राही,
साखर कधीच विरघळलेली असली तरी.
त्या हिवाळ्यात त्यानं एकही फोटो काढला नाही.
ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दिवा लावून
नुसते जुने छापत बसला.
दाराशी माणसं. बर्फात. हळू बोलणारी.
थडग्यावर कोरायला चेहरा हवा होता,
आणि चेहरे उरले होते ते त्याच्याकडेच,
तीन बाय चार सेंटिमीटरचे,
पासपोर्टसाठी गंभीर केलेले.

होरोमसिम नावाची एक बाई आली.
तिच्या सेयरानचा एकच निगेटिव्ह सापडला,
रद्दीच्या डब्यात,
ऐन क्षणी डोळे मिटलेला.
ह्राचिक म्हणाला, हा बिघडलेला आहे.
ती म्हणाली,
तो असाच झोपायचा.

त्यानंतर त्यानं एक तुकडा फेकला नाही.
"चुकलेला फोटो कुणाच्या मालकीचा असेल,
आपल्याला काय ठाऊक?"
त्याचं तत्त्वज्ञान म्हणाल तर एवढंच.
बाकी वेळ तो बटाट्यांविषयी बोलायचा.

मी गेले तेव्हा सतरा वर्षांची.
त्यानं कॅमेरा दिला. फिल्म दिली नाही.
महिनाभर, रोज संध्याकाळी, एकच प्रश्न:
"आज काय काढलं नाहीस?"
मी सूर्यास्त सांगितले. चर्चचा तुटका घुमट सांगितला.
तो साखरेचा खडा चघळत राहिला.
माझ्याबरोबरचा गागिक दहाव्या दिवशी पळाला;
आता लग्नांचे फोटो काढतो, झकास चाललंय,
दर नववर्षाला कोन्याकची बाटली पाठवतो
आणि ह्राचिक ती न लाजता पितो.

विसाव्या दिवशी मी सांगितलं:
चांभार दुकान बंद करत होता,
एक बूट उलटा धरून झटकत होता,
जणू आत कुणी राहून गेलंय.
चघळणं थांबलं.
"कुठल्या पायाचा?"
मला माहीत नव्हतं.
"मग उद्या पुन्हा जा."

डावा होता. टाचेशी आतून झिजलेला.
फिल्म मिळाली ती त्यानंतरही नऊ दिवसांनी.

आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
आणि ऑपरेशनला दर महिन्याला नवी सबब.
मी प्रिंट नेते. तो आधी नाकाशी धरतो.
"घाईत धुतलास. दहा वर्षांत पिवळा पडेल."
खरंच घाई केलेली असते.
मग म्हणतो, वाच.
मी वाचते: बाक, दोन म्हातारे, पावाची पिशवी.
"डावीकडे?"
भिंत.
"भिंतीवर?"
काही नाही, म्हणता म्हणता मी फोटो दिव्याखाली नेते.
एक खिळा आहे. त्याला काहीच टांगलेलं नाही.

"हां," तो म्हणतो,
"आता मलाही दिसला."