ओपनर

गॅरेजात व्हर्लिन पाती मांडतो:
मशेटी, आखूड दांड्याची कुऱ्हाड,
नेपाळी खुकरी, जिची धार
तो अंगठ्याच्या नखावर जोखतो.
"मेलेले आवाजावर येतात. शिवाय
गोळ्या संपतात, पातं संपत नाही."

"संपतात खऱ्या," दारातून ओडेट.
डोक्याला रुमाल, मुठीत
औषधाची डबी खुळखुळते.
बाहेर मिझुरीचा बर्फ, चिखलात कालवलेला.

"आणि उद्या मीच उठून आले तर?"
मीठ संपलंय का विचारावं, तशी.

तो खुकरी म्यानात घालतो. पुन्हा काढतो.
पुसलेलीच पुसतो.
"बीन्सचे चाळीस डबे भरलेत," म्हणतो,
"उघडणार कशानं?"
यादीत लिहितो: ओपनर.
मग, पेन्सिलीचं टोक मोडेस्तोवर दाबून:
दोन.