निर्लेखन

पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी
साहेब म्हणाले, रेकॉर्ड खोली तुमच्याकडं.
वाचता येईल ते वाळवा,
बाकीचं निर्लेखन. यादी सोमवारी द्या.

मी बक्कल नंबर अकराशे सत्तेचाळीस.
आठ दिवस बोटीत उभी होते.
गावभागात एका माडीवरून कुणीतरी
तान्हं पोर माझ्या हातात दिलं,
नाव न विचारता. खाकीला विचारत नाहीत.
मागच्या मोर्चात याच हातात काठी होती,
तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

कवायतीच्या मैदानात दोऱ्या बांधल्या,
वह्या त्यांच्यावर पालथ्या टाकल्या.
चिखलाचा वास,
आणि हरिपुराकडून येणारा कुजक्या हळदीचा.

सगळ्यात खाली संस्थानच्या वेळच्या.
तेव्हा चार कोसांवर हद्द बदलायची,
पोलिसाची टोपी बदलायची,
पगार देणारा बदलायचा.
अक्षर मात्र एकाच माणसाचं:
हवालदार येसबा नलवडे.
बेचाळीस, त्रेचाळीस, थेट पन्नासपर्यंत.
वरचा शिक्का गेला,
"हुजूर हुकुमावरून"चं "सरकारतर्फे" झालं,
वेलांटी तीच, जरा जास्तच लांब.

त्रेचाळीसचा मे. तासगावकडून इंग्रजी पार्टी आली,
फरारी इसम इकडं उतरल्याची खबर.
येसबानं लिहिलंय:
"सर्व हद्द धुंडाळली. इसम मिळून आला नाही."
त्याच तारखेला खुराक बुकात:
"कोठडीत कैदी एक. माणशी भाकरी तीन. एकूण सहा."

दोनदा हिशेब केला.
मग एकटीच हसले खुर्चीत.
पोलीस सगळीकडं शोधतो,
स्वतःच्या कोठडीत कोण बघतंय?

मनातल्या मनात सॅल्यूट ठोकून पान उलटायला गेले,
उलटेना. खालच्या वहीला चिकटलेलं.
खालची वही हजेरीची.
तीच लांब वेलांटी.
पारधी वस्ती. रात्री नऊ, पहाटे तीन.
अंगठे रांगेनं, फुगलेले, पुसट.
"झिंगऱ्या, वय बारा. गैरहजर. छड्या दहा.
आई आजारी असल्याचे सांगतो."
या पोरासाठी कुठल्याच बुकात
जास्तीची भाकरी नाही.
संध्याकाळपर्यंत शोधली.

सुरीनं, मग चहाच्या वाफेवर धरून
वेगळ्या करून बघितल्या.
एक सोडवायला जावं तर दुसरी फाटते.

सोमवारी यादी दिली.
वह्या नग एकशे बारा, वाचण्यास अयोग्य.
वह्या नग दोन,
इथं पेन थांबलं.
दारात एक म्हातारा उभा होता,
पुरात म्हैस गेली त्याची नोंद करायची म्हणत.
बसा म्हटलं, आलेच.
आणि लिहिलं:
मिळून आल्या नाहीत.

घरी पिठाच्या डब्यामागं ठेवल्यात.
अजून ओलसर आहेत.