भाता

माझं काम पेटीचं.
मिरजेत सतारी करणारे पुष्कळ, आमच्या बोळात पेटीवाला मी एकटा,
म्हणून श्रीधर मगदूम कॅमेरा घेऊन आला तेव्हा म्हटलं,
दुकान चुकलं तुमचं.
तो म्हणाला, चुकलं न्हाई.
भाता तुझाबी, भाता माझाबी.
तुझ्यातनं वारं गळतंय, माझ्यात ऊन शिरतंय.

बटण दाबलं त्यानं. खट्.
चपट्या डबीचं झाकण आडवं पडलं
आणि त्यावरून भिंग आपलं आपण पुढं आलं,
मागं काळ्या घड्यांचा घोळ ओढत.
बावीस वर्षं भाते करतोय,
एवढुसा भाता कधी पाहिला नव्हता.
चिमणीला पुरेल असा.

दार लावलं. वायरीला छोटा बल्ब, तो आत सोडला.
अंधारात चांदण्या उगवल्या,
सगळ्या घड्यांच्या कोपऱ्यांवर,
जिथं कातडं रोज दुमडतं तिथंच.
दोघं मोजत बसलो. मी सात म्हणालो, तो नऊ.
पलीकडं कुणीतरी तंबोरा जुळवत होतं
आणि षड्ज काही लागत नव्हता.

मग तो येतच राहिला. दुरुस्ती झाली तरी.
पाठीवरची लाल टिकली दाखवायचा,
तिच्यातून आकडा सरकताना दिसतो, दिव्यामागून माणूस जावा तसा.
बारा झाले की संपलं.
सांगलीच्या हळदबाजारात त्याला बारा पुरायला दोन दिवस लागले.
हळद राखाडी येते त्यात.
पण निगेटिव्ह बिस्किटाएवढी,
खिडकीशी धरली की चष्म्याशिवाय
हमालाच्या पापणीवरची धूळ दिसते.

आणि हा कॅमेरा अडवत नाही कुणाला.
फिरकी फिरवायची विसरलात तर विसरलात,
त्याच जागेवर दुसरा फोटो घेतो, बिनतक्रार.
माझा एक आहे तसला.
पेटीवर बोटं ठेवून बसलोय
आणि छातीतून कृष्णेवरचा पूल गेलाय, त्यावर एक सायकलवाला.
श्रीधर म्हणाला फाडून टाक.
मी काच बसवून घेतली.

नवा घ्यायचा होता त्याला. तीन वर्षं भिशी लावली,
शेवटची उचल त्याची.
पैसे हातात आले मंगळवारी,
बुधवारी पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन:
कंपनीनं बंद केला.
आता घडीचा कुणीच करत नाही.

बंद केला म्हणजे?
श्रीधर माझ्याच दुकानात उभा होता, फोन अजून कानाशी.
बंद तर हा रोजच होतोय की, म्हणाला.
झाकण ढकललं, भाता मिटला, कोटाच्या खिशात गेला.
बंद होतोय म्हणून तर घेतलेला.
मग हसला. मला नाही हसू आलं.
मला रीड पाठवणारा कारखानाही दिवाळीपासून फोन उचलत नाही,
पण ते मी त्या दिवशी बोललो नाही.

भिशीच्या पैशातून बायकोनं फ्रिज घेतला.
खालच्या कप्प्यात मेथीच्या जुडीशेजारी चाळीस रोल.
चाळीस गुणिले बारा, त्यानं खडूनं माझ्या फळीवर हिशोब मांडला,
महिन्याला एक रोल, म्हणजे किती वर्षं,
आणि स्वतःच्या वयात मिळवून बघितलं,
आणि तळव्यानं पुसून टाकलं.

गेल्या आठवड्यात परत आला. परत दोन चांदण्या.
जुन्यावर ठिगळ किती लावायचं?
पेटीसाठी आणलेलं मेंढीचं पातळ कातडं काढलं,
पाठीला काळं कापड, कागदाच्या पट्ट्या, सरस,
आणि चार रात्री बसलो.
घडी पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदाही.
आता मिटताना थोडा कुरकुरतो,
नव्या चपलेसारखा.
पैसे घेतले मी. पूर्ण घेतले, त्यालाही तेच बरं वाटलं.

कातड्याचा तुकडा उरलाय एक.
पेटीला पुरायचा नाही.
गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलाय,
कागद लावून, वर त्याचं नाव लिहून.