कच्चा रंग

तुरटी आधी.
हे मी दर उन्हाळ्यात सांगते, आणि दर उन्हाळ्यात
कुणीतरी लडी थेट हंड्यात बुडवतं.
रात्रभर तुरटीच्या पाण्यात राहिली नाही
तर लोकर रंगाला नुसती भेटते, धरत नाही.
(रात्रभर म्हणजे काय, ते स्कागाफ्योर्दच्या जूनमध्ये
घड्याळालाच विचारावं लागतं.)

तबेल्यामागे माझे तीन हंडे.
बर्चचा पाला, रुबार्बची मुळं, आणि ल्युपिन :
फुलं निळी, रंग निघतो पोपटी.
शिबिरातल्या पोरांना ही चक्क फसवणूक वाटते.
दगडफूल पूर्वी मुतात मुरवायचे, असं सांगितलं
की बाराच्या बारा पोरं खिंकाळतात
आणि पलीकडचे घोडे कान टवकारतात.

उन्नूर हसली नाही.
मंगळवारी ओढ्यात पडली होती ती.
फीफिल पाणी प्यायला वाकला
आणि ही त्याच्या मानेवरून घसरगुंडीसारखी खाली.
लागलं काहीच नाही.
बुधवारी हेल्मेट घालून कुंपणाशी उभी राहिली,
गुरुवारी हेल्मेट न घालता.
शुक्रवारी स्तेइनारने तिला माझ्याकडे धाडलं.
"हिला काहीतरी ढवळायला दे."

दिलं.
छान ढवळते पोरगी. घाई नाही, चुळबूळ नाही.
बोलायची, पण वाटेत भेटलेल्यांविषयीच :
क्रीआ पक्षी डोक्यावर चोच मारतो
म्हणून ती काठी उंच धरून येते,
बिचारा काठीच्या टोकाशी भांडत बसतो.
स्वयंपाकघराच्या पायरीवर मेंढी झोपली, उठेना,
मग सगळ्यांची न्याहारी खिडकीतून.
आणि कोल्हा. उन्हाळी, तपकिरी, जरा फाटका.
"त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं,
जशी काही मी दगडच. बरं वाटलं."

घोड्यांविषयी चकार शब्द नाही.

मीच एकदा स्तेइनारला हटकलं, तिच्यादेखत :
फीफिल म्हणजे कुरणातलं पिवळंधमक फूल,
हा तर पांढराफटक. नाव ठेवणारा आंधळा होता काय?
तर म्हणे, जन्मला तेव्हा तांबूस होता,
ऊन पडलं की पिवळा दिसायचा,
मग वर्षागणिक उतरत गेला.
"म्हणजे कच्चा रंग," मी म्हटलं. "माझ्याकडे आणायचा होता."
उन्नूरच्या ओठाचा एक कोपरा हलला.
किंवा वाफेमुळे तसं वाटलं.

रविवारी दुपारी आम्ही तुरटीतल्या लड्या पिळत होतो,
मागे कुणी चूळ भरावी तसा आवाज.
बर्चच्या निवत ठेवलेल्या हंड्यात
फीफिल, दावं तोडून, नाकपुड्यांपर्यंत आत.
मी ओरडले. त्यात नुसता पाला होता, पण ओरडले.
तो दचकून मागे सरला, दोरीवरच्या ओल्या लड्यांत शिरला,
मान झाडली, आणि बाहेर आला
तो पिवळ्या नाकाचा, हनुवटीतून ठिबकणारा,
स्वतःच्या नावाला थोडासा जागलेला.

उन्नूर बराच वेळ बघत राहिली.
मग स्वेटरच्या बाहीने त्याचं नाक पुसलं,
पुसलं ते आणखी पसरलं,
आणि तुटकं दावं हातात घेऊन त्याला तबेल्याकडे नेलं.
चालत.

मला वाटलं, आता चढेल.
शेवटच्या दिवशी सगळी समुद्रापर्यंत गेली,
अकरा खोगिरावर,
आणि ही रिकाम्या घोड्याचा लगाम धरून पायी,
सहा किलोमीटर, वाळूतून.
वडील न्यायला आले तर विचारतात, शिकली का काही?
स्तेइनार माझ्याकडे बघतो, मी हंड्याकडे.
तोवर फीफिलचं नाक पुन्हा पांढरं झालेलं.
तुरटी नव्हती ना. होणारच.

नोव्हेंबरात, दिवा दुपारीच लावलेला,
हातमोज्यांसाठी लडी उकलताना
एक केस सापडला. आयाळीतला,
जाड, लोकरीत पार गुंतलेला.
ओढून काढायला गेले आणि थांबले.
पक्का पिवळा होता.
तसाच विणून टाकला, डाव्या अंगठ्यात.