लिनोकट

डंडीच्या थंडीत लिनो कडक होतो.
हीटरवर ठेवायचा, भाकरीसारखा,
मऊ झाला की कोरायचा.
मॉराग म्हणाली, खोदशील ते पांढरं राहील,
सोडशील ते काळं.

आठवडाभर बाबांचा शर्ट कोरतेय.
खिशाला पेन, वरचं बटण तुटलेलं.
अंत्यविधी फोनवर पाहिला,
मध्येच रेंज गेली.
रडू आलं नाही तेव्हा. नंतरही.

बाहेर टे नदीवर चारलाच अंधार.
शाई लावली, दाबलं, कागद उचलला,
तर खिसा भलत्याच बाजूला.
छापात सगळं उलटं येतं, विसरलेच मी.

पण कामावर जाताना
बाबा आरशासमोर भांग पाडायचे,
मी दारातून बघायचे,
तेव्हा खिसा इथेच असायचा.

शाईच्याच हातांनी डोळे पुसले.
मॉरागने चिंधी पुढे केली,
काही विचारलं नाही.