ऐंशी पौंडांचा तंगूस

सगुण खोबरेकर तिला हातगाडीवरून घेऊन आला,
बर्फाच्या हातगाडीवरून. खाली ओलं पोतं.
नाव विचारलं तर म्हणाला, पेडवी.
चौतीस किलोची लॅब्रॉडॉर,
कुणी पर्यटक देवबागेत विसरून गेलेले,
मुद्दाम विसरलेले,
आणि नाव पेडवी.

"शिंगाळ्याचो काटो भरलो असतलो."
रापण ओढताना ती मागेपुढे धावत होती,
ओल्या वाळूत गर्रकन वळली, एकदाच केकाटली.
तेव्हापासून मागचा डावा पाय
दारात उभ्या पाहुण्यासारखा:
बोटं टेकतो, आत येत नाही.

पंज्यात काटा नव्हता.
तीन आठवडे सगुणने खोबरेल चोळलेलं,
पाय चकचकीत, दुखणं जागच्या जागी.
बस म्हटल्यावर बसली,
पण पाय बाहेर टाकून, पंगतीत
मांडी घालता न येणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.
टेप लावली. डावी मांडी दोन सेंटिमीटर बारीक.
मालक दिवस विसरतो, मांडी मोजून ठेवते.

एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही.
दिसते सांध्यात साचलेल्या पाण्याची फिकट सावली.
म्हणून हात.
झोपेचं इंजेक्शन दिलं, तिची जीभ बाजूला लोंबली.
एका हातात मांडीचं हाड, दुसऱ्यात नळीचं,
आणि पुढे ओढून पाहायचं,
टेबलाचा खण ओढावा तसं.
दवाखान्यातल्या माझ्या टेबलाचा खण
खाऱ्या हवेने फुगलाय, बारा महिने उघडत नाही,
लसींची एक नोंदवही आतच अडकून आहे.
गुडघा तसा हवा. हट्टी.
तिचा उघडला.
आवाज न करता, नखभर,
पुढे सरकला आणि परत आला.
मी पुन्हा ओढला. गरज नव्हती.

मी घाटावरची. बैलांचे खूर, म्हशींच्या वेणा
ह्यात सोळा वर्षं गेली.
असे गुडघे तीनच केलेत, त्यातला एक बिघडला,
तेही त्याला सांगितलं.
बराच वेळ तो पोत्याची कड दुमडत राहिला.
"मगे चवथो करा."

रविवारी सकाळी सहाला, लाईट जायच्या आत.
तुटलेल्या लिगामेंटची टोकं
भिजून कुजलेल्या काथ्यासारखी. ती काढली.
आतली गादी एका कडेने दुमडलेली, तेवढीच कापली.
मग पाकीट फोडलं: नायलॉन, जाड, आरपार दिसणारं.
सगुण दारातूनच वाकला.
"हो तर तंगूस!"
तंगूसच. निर्जंतुक पाकिटातला, एवढंच.
"किती पौंडाचो?"
"ऐंशी."
"ऐंशीक सुरमय येता," म्हणाला,
आणि पहिल्यांदा मास्कच्या आत हसला.

गुडघ्यामागच्या वाटाण्याएवढ्या हाडाला वळसा,
नळीला पाडलेल्या भोकातून पार, बाहेरून ताण.
त्याचे डोळे माझ्या बोटांवर.
"दुसरी गाठ सरकतली."
सरकत होती.
सोडून पुन्हा मारली.

नंतर सूचना. आठ आठवडे फक्त दोरीने,
आधी पाच मिनिटं, मग दहा. रापणीवर नाही.
टाके सुकल्यावर खाडीचं शांत पाणी, पोटापर्यंत.
सहा किलो उतरवायचे, माशांची मुंडकी बंद.
बाकी सगळं त्याने मान्य केलं,
मुंडक्यांवर घासाघीस केली.
उजवा गुडघाही जाऊ शकतो, म्हटलं,
बऱ्याच जणींचा जातो.
आणि हा तंगूस वर्षभरात सैल पडेल, तुटेलही.
तोवर तिच्या अंगाने सांध्याभोवती
स्वतःचं जाळं विणलेलं असेल.
धरायचं ते त्यानेच.

अकराव्या आठवड्यात ती चालत आली,
हातगाडीच्या पुढे.
परतताना मी बांधापर्यंत गेले, ओल्या वाळूतले ठसे बघत:
तीन खोल, चौथा उथळ,
पाणी भरलं की आधी तोच पुसला जायचा.
पण होता.

वजन साडेतेहतीस.
मुंडकी चालू आहेत.