फोन फिरवून आणताना

शनिवारी रात्रीच पॉवर बँक लावून ठेवते,
चार हिरवे दिवे लागेपर्यंत झोप नाही.
स्क्रीनचा उजेड किती ठेवायचा, त्याचं एक गणित आहे :
उन्हात दिसला पाहिजे आणि भायखळ्यापर्यंत पुरला पाहिजे.
बाटलीत लिंबू-मीठ. एक सुती रुमाल, कारण
घामेजल्या बोटाला फोन ओळख देत नाही.
बूट जुनेच, डाव्याची जीभ तिरकी.
नवे खोक्यात आहेत; ते लग्नाला, आई म्हणते,
कुणाच्या ते सांगत नाही.

पंचेचाळिशीची बाई, पतपेढीत कर्जखात्याला बसते,
आणि रविवारी सकाळी सहाला
माझगावच्या गल्ल्यांतून अंडी उबवत हिंडते.
हसा. भाच्यानं खेळ टाकून दिला तेव्हा मीही हसले होते.
नियम साधा : अंडं पाच किलोमीटरचं असेल
तर पाच किलोमीटर चालायचं.
बसून उबवता येत नाही,
कोंबडीच्या अगदी उलट.

म्हातारपाखाडीत लाकडी जिन्याखाली एक मिळतं,
क्रुसापाशी दुसरं. मेणबत्ती लावणाऱ्या बाईला वाट देऊन
मी बाजूला उभी राहते; तिला वाटतं, मीही काही मागतेय.
मागत असतेच.
टेकडीवरच्या बागेत वारा आणि नेटवर्क दोन्ही बरं.
खाली गोदीत एक राखाडी जहाज, अर्धं रंगवलेलं,
गेले चार रविवार तेवढंच.

आणि उतारावरचा तो बुरूज.
सात महिने मी तो जिंकते
आणि चहा संपायच्या आत तो जातो.
नाव एकच : कालव-११.
पहाटे कालव, दुपारी कालव,
पाडव्याला उटणं लावून आले, तरी कालव.
मनात मी त्याला चेहराही दिला होता :
कॉलेजातला, सायकलवरचा, कानात काहीतरी खोचलेला.

परवा पॉवर बँकनं दगा दिला. चारही दिवे खोटे.
टॉवरच्या फाटकाशी विचारलं, दादा, पाच मिनिटं चार्जिंगला?
टेबलावर वही, शिट्टी, डबा,
आणि त्यांच्या फोनवर माझा बुरूज.

बाबली घाडी, मिठबावचे. बारा तासांची ड्युटी,
खुर्ची बुरुजापासून अकरा पावलांवर.
"कालव कशाला?"
"खडकाक चिकटान रवता मा," ते म्हणाले, "माज्यासारख्या."

मग दाखवलं : नऊ अंडी, एकही फुटलेलं नाही.
गाडी आली, उघडायचं; गाडी गेली, लावायचं.
ती पावलं खेळाच्या हिशेबात येत नाहीत.
फक्त कधीकधी, उंच भिंतींत उपग्रह चकतो
आणि खुर्चीतल्या घाड्यांचा पडद्यावरचा माणूस
उठतो, रस्ता ओलांडतो, भिंतीतून आरपार
थेट गोदीच्या पाण्यात जाऊन उभा राहतो
थोडा वेळ.
मग परत.

त्यांनी फोन शर्टाला पुसला, दोन्ही बाजूंनी.
"वायच फिरवन हाडशात?"

तर आता डाव्या खिशात ते, उजव्यात मी.
ताडवाडी, गनपावडर रोड, एक बंद वखार,
वखारीच्या दारात झोपलेलं कुत्रं.
डावा खिसा जड लागत होता, वजन सारखंच असून.
चार किलोमीटर सहाशेला तो वाजला.
पडद्यावर : आवस.
उचलू? कोण म्हणून सांगू?
वाजून थांबला, पुन्हा वाजला,
आणि मी धावले, तिरक्या जिभेच्या बुटात,
फाटकापर्यंत.

त्यांनी उलटा फोन लावला, पाठमोरे होऊन बोलले.
कुठे होतास, असंच काही विचारलं असणार तिनं.
मी विचारलं, काय सांगितलंत?
"म्हटलंय, चलाक गेल्लंय."

अंड्याला चारशे मीटर बाकी आहेत.
जाता जाता बुरूज मी घेतला, रीतसर.
कोपऱ्यावर वळेपर्यंत गेला.